भेंडीची तार, चिंचोक्याची खळ आणि पोटात ठाण मांडणारी गोळी

भेंडी चिरायला घेतली की घरोघरी एकच धास्ती: तार सुटायला नको. मग भेंडी धुऊन, पुसून कोरडी करा, मीठ शेवटी घाला, आमसूल टाका, झाकण मुळीच ठेवू नका. ज्याच्या-त्याच्या घरचा मंत्र वेगळा. आणि तिकडे फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलं हीच तार मुद्दाम काढत बसलेली असतात. भेंड्या चिरून पाण्यात भिजवायच्या, गाळायच्या, त्या बुळबुळीत पाण्यात ॲसिटोन ओतायचं, साका बसला की तो वाळवून त्याची पूड करायची आणि ती पूड औषधाच्या गोळीत घालायची. एवढा खटाटोप कशाला, तर गोळीने पोटातून लगेच काढता पाय घेऊ नये आणि तिच्यातलं औषध जरा दमाने सुटावं.

भेंडीत जे बुळबुळतं, चिंचोक्याच्या खळीत जे चिकटतं, अळिवाच्या दाण्याभोवती जे काचेसारखं जमतं, ते सगळं एकाच जातकुळीचं. साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, म्हणजे पॉलिमर. पाणी दिसलं की ही साखळी ते धरून ठेवते आणि फुगते. स्वयंपाकघरात आपण तिच्यावर वैतागतो, औषधवाले तिच्यावर जीव टाकतात.

जठराची झाडलोट

आधी अडचण समजून घेऊ. रिकाम्या पोटी जठर स्वस्थ नसतं. दर दीड-दोन तासांनी त्याच्या भिंतींतून आकुंचनाची एक जोरकस लाट जाते आणि उरलंसुरलं सगळं खाली लोटून देते. शास्त्रज्ञांनी तिला नावच ‘हाउसकीपर वेव्ह’ दिलंय. पोट गुरगुरतं तेव्हा बऱ्याचदा हीच झाडलोट चाललेली असते. जठराच्या खालच्या तोंडाशी पायलोरस नावाचं दार आहे, सैल असताना ते साधारण १२ मिलीमीटर उघडतं. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी या लाटेत सापडली की गेली लहान आतड्यात.

जेवण झालेलं असेल तर मामला उलटा. लाटा थांबतात, दार जवळजवळ मिटतं, आणि साधारण २ मिलीमीटरपेक्षा मोठा घट्ट तुकडा सहसा पुढे सोडला जात नाही. त्याने आत थांबायचं, घुसळून बारीक व्हायचं किंवा पोट रिकामं होईपर्यंत वाट पाहायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गोळीला आत थांबवायचंच कशाला?

कारण काही औषधं फार नखरेल असतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच ती रक्तात शिरतात, तो टप्पा ओलांडला की शोषण जवळपास बंद. ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविन (‘ब-कॉम्प्लेक्स’ घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती याच्यामुळे), पार्किन्सनवरचं लेव्होडोपा, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्युरोसेमाइड ही त्यांतली ठळक नावं. अशा औषधाची साधी ‘हळू सुटणारी’ गोळी केली तर ती आपल्या चालीने हळू सुटत राहील, पण तोवर गाडी स्टेशन सोडून पुढे गेलेली असेल. म्हणून गोळी वरच, जठरात अडवायची आणि तिथून थोडं-थोडं औषध खाली सोडत राहायचं.

लेव्होडोपाचं एक मजेशीर नातं आपल्या रानाशी आहे. अंगाला लागली की जीव नकोसा करणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य मुबलक असतं. रोश कंपनीने लेव्होडोपाची जठरात तरंगणारी कॅप्सूल काढली, तिचं नाव मॅडोपार एचबीएस. तिच्यामागचं तत्त्व शेठ आणि टोसुनियन या दोन संशोधकांनी मांडलेलं: जेलचं वेष्टण असं धरायचं की एकूण घनता पोटातल्या रसापेक्षा कमी राहील. जठररसाची घनता पाण्याहून किंचितच जास्त, साधारण १.००४. तिच्याखाली राहिलात की तरंगलात.

तरंगणारी पहिली गोळी पोटासाठी नव्हतीच

१९६८ साली डेव्हिस नावाच्या गृहस्थांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. काही लोकांना गोळी गिळताना ठसका लागतो, ती जिभेच्या मुळाशी जाऊन बसते आणि ओकारी येते. डेव्हिस यांची युक्ती अशी: गोळीच पाण्यापेक्षा हलकी करा. तोंडात पाण्याचा घोट घेतला की ती वर तरंगेल, घोटाबरोबर अलगद खाली जाईल. म्हणजे गोळी तरंगायची होती ती तोंडात! पुढच्या संशोधकांनी तिला जठरात नेऊन तरंगवलं. आज तरंगत्या औषधांवरचे बहुतेक प्रबंध डेव्हिस यांच्या नावाने सुरू होतात, मूळ कारण मात्र ठसका.

गोळीच्या आत काय चालतं

नैसर्गिक डिंकाची पूड, औषध आणि थोडा खाण्याचा सोडा एकत्र दाबून केलेली गोळी जठराच्या आम्लात पडली की बाहेरचा थर आधी भिजतो. डिंक फुगतो आणि गोळीभोवती जेलचं कवच धरतं. मधोमध मात्र कोरडंच. भिजत घातलेल्या साबुदाण्याचा दाणा अर्धवट मुरलेला असताना निरखून बघा: बाहेर पारदर्शक, आत पांढरा ठिपका. अगदी तसंच. पाणी या जेलमधून वाट काढत आत शिरतं, औषध विरघळून त्याच वाटेने बाहेर येतं, आणि बाहेरचं जेल झिजत जातं. शिरणं, पसरणं आणि झिजणं या तीन वेगांचा मेळ बसला की औषध ८, १२ किंवा २४ तास सुटत राहतं. मेळ बिघडला, म्हणजे कवच धरायला उशीर झाला, तर पहिल्या अर्ध्या तासातच निम्मं औषध बाहेर. याला फार्मसीवाले ‘बर्स्ट’ म्हणतात आणि या शब्दाने त्यांची झोप उडते.

सोड्याचं काम वेगळं. आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, ते जेलमध्ये अडकतात आणि गोळी वर येते. प्रयोगशाळेत हे बघायला गंमत वाटते. ९०० मिलीलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तापमान ३७ अंश, वर संथ फिरणारी वल्ही. गोळी टाकली की ती आधी सरळ तळाशी. मग तिच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ धरते, ती जरा कलते, एका बाजूने उचलली जाते आणि गचके खात वर. विद्यार्थी हातात स्टॉपवॉच घेऊन उभा. टाकल्यापासून वर यायला लागलेला वेळ म्हणजे ‘फ्लोटिंग लॅग टाइम’. तो दोन मिनिटांच्या आत आला की चेहरा खुलतो.

गवार: भाजी गरिबाची, भाव श्रीमंतांचा

या सगळ्या मंडळींत गवारीची कथा सगळ्यात सुरस. गवारीची भाजी करताना आपण कोवळ्या शेंगा घेतो, पण मोल आहे ते जून शेंगेतल्या बीचं. बीच्या आत उगवत्या रोपासाठी साठवलेला गॅलॅक्टोमॅनन असतो, तोच गवार गम. मॅनोज साखरेचा लांब कणा आणि त्याला मध्ये-मध्ये लटकलेले गॅलॅक्टोजचे रेणू. गवारीत दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज. मेथीदाण्यात एकास एक. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बीत, म्हणजे लोकस्ट बीन गममध्ये, चारास एक. हे लटकन जेवढं जास्त तेवढा डिंक गार पाण्यात पटकन विरतो. म्हणून मेथी आणि गवार थंड पाण्यातही बुळबुळतात, कॅरोबला मात्र पाणी चांगलं कढत लागतं.

गवार गमचा आणखी एक गुण म्हणजे त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे आजूबाजूला आम्ल आहे की अल्क, याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. भेंडीचं तसं नाही. तिची तार आम्लात पातळ होते (आमसुलाचं रहस्य हेच!), आणि जठर तर आम्लाचंच आगर. त्यामुळे भेंडीच्या पुडीला जठरात काम करायला लावणाऱ्याला सोड्याची, नाहीतर दुसऱ्या पॉलिमरची मदत घ्यावी लागते.

जगातली साधारण ८० टक्के गवार भारतात पिकते, तीही मुख्यत्वे राजस्थानात. जोधपूर हे या धंद्याचं मोठं केंद्र. आणि या धंद्याला सगळ्यात मोठा झटका दिला तो औषधांनी नव्हे, अमेरिकेच्या तेलविहिरींनी. खडक फोडून वायू काढण्याच्या ‘फ्रॅकिंग’मध्ये वाळू वाहून न्यायला दाट पाणी लागतं, आणि ते दाट करायला गवार गम. २०११-१२ मध्ये मागणी अशी उसळली की बियांचा भाव दहापटीच्या घरात गेला, आणि मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे बंद करण्याची पाळी सरकारी नियामकावर आली. ते पुन्हा सुरू झाले २०१३ मध्ये. वर्ष-दोन वर्षं राजस्थानातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं नशीब टेक्सासच्या खडकाला बांधलेलं होतं.

फुगण्याचा हा गुण अंगावरही येतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘कॅल-बॅन ३०००’ नावाची वजन घटवणारी गोळी विकली जायची. आत गवार गम, दावा असा की पोटात फुगेल आणि भूक लागणार नाही. गोळ्या फुगल्या खऱ्या, पण काहींच्या पोटात पोचण्याआधीच, अन्ननलिकेत! लोकांचे घास अडकले, रुग्णालय गाठावं लागलं, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्यावर कारवाई केली. पाण्यात फुगणाऱ्या डिंकांच्या औषधावर ‘भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात अडकेल’ ही सूचना तिथे सक्तीची झाली ती १९९३च्या नियमाने. इसबगोल घेताना आजी ‘वरून पेलाभर पाणी पी’ म्हणून बजावते त्यात हे शास्त्र आधीच आहे.

जाता-जाता एक खेळ. आईस्क्रीमच्या किंवा सॉसच्या वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचा. ‘स्टॅबिलायझर ४१२’ दिसलं तर ती गवार. ४१० म्हणजे कॅरोब, ४१४ आफ्रिकेतल्या बाभूळवर्गीय झाडांचा गम अरेबिक, ४१६ कराया, ४०१ समुद्री शेवाळातलं सोडियम अल्जिनेट, ४४० पेक्टिन. ४१५ म्हणजे झँथन, आणि तो झाडाचा नव्हेच: कोबीवर काळी कूज आणणाऱ्या जीवाणूकडून तो बनवून घेतात. औषधाच्या गोळीतही हीच टोळी काम करते. आकडे तेच, पगार वेगळा.

एकेकटे कुचकामी, दोघे मिळून भारी

झँथन एकटा पाण्यात दाटपणा आणतो, पण जेल धरत नाही. कॅरोबचा लोकस्ट बीन गमही नाही. दोघांना एकत्र आणा, थरथरतं घट्ट जेल तयार! झँथनच्या साखळीला कॅरोबच्या साखळीचा लटकन नसलेला मोकळा भाग जाऊन बिलगतो आणि जाळं विणलं जातं. या जोडीवर अमेरिकेत ‘टायमरएक्स’ नावाचं तंत्र उभं राहिलं आणि ते बाजारातल्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत वापरलं गेलं. भाराभर नवी रसायनं न शोधता दोन जुन्या डिंकांची सोयरीक जुळवली, झालं.

चिंचोका

महाराष्ट्रात चिंचोक्याचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, ते चालत आलेलं आहे. घोंगडी विणणारे कारागीर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे, शिजवून लापशी करायची आणि ती ब्रशाने धाग्यांवर चढवायची. धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. नव्या घोंगडीचा तो करकरीतपणा आणि किंचित उग्र वास या खळीचाच.

१९४२ मध्ये टी. पी. घोष आणि एस. कृष्ण या भारतीय शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की साल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेल धरणारं द्रव्य असतं. महायुद्धाच्या त्या दिवसांत सूत आणि ताग कारखान्यांना खळीसाठी स्टार्चला पर्याय मिळाला. हे द्रव्य म्हणजे झायलोग्लुकन. त्याची बांधणी आपल्या शरीरातल्या श्लेष्म्याच्या रेणूंशी, म्युसिनशी, बरीच मिळतीजुळती. म्हणून ते ओलसर अस्तराला धरून राहतं. कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांत ते घालतात ते यासाठी. हाच गुण जठराच्या भिंतीला गोळी चिकटवायला वापरावा, असं संशोधकांना वाटणं ओघानंच आलं.

फक्त एक मेख आहे. जठराचा श्लेष्मा स्थिर नसतो. काही तासांत जुना थर सुटून जातो, खाली नवा तयार होतो. गोळी कितीही घट्ट चिकटली तरी ती चिकटली आहे कशाला, तर उद्याच्या आत उपटून जाणाऱ्या वॉलपेपरला. चिकटपणावर भरवसा ठेवणाऱ्या योजना मला त्यामुळे जरा भाबड्याच वाटतात.

कांडोळ: व्हिनेगरचा वास येणारा डिंक

उन्हाळ्यात सातपुड्यात किंवा विदर्भाच्या जंगलात गेलात तर निष्पर्ण, पांढऱ्याफटक सालीचं झाड उठून दिसतं, चांदण्यात तर दचकवतं. ते कांडोळ, कुणी त्याला भुत्या म्हणतं. याच्या खोडातून निघतो तो कराया डिंक. कराया पाण्यात विरघळत नाही, तो फक्त फुगतो, आणि फुगतो तो कितीतरी पटींनी. वाळलेल्या खड्याचा वास घेतलात तर हलकासा व्हिनेगरचा वास येतो, कारण त्याच्या साखळीला ॲसिटिक आम्लाचे गट जोडलेले असतात आणि दमट हवेत ते सुटत राहतात.

या डिंकाने परदेशात भलतंच नाव काढलं. दातांची कवळी हिरडीला धरून ठेवण्याच्या पुडीत तो होता. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी तो पोटावर शौचपिशवी लावाव्या लागणाऱ्या रुग्णांसाठी वापरला. पिशवीच्या कडेची सोललेली कातडी त्याने वाचू लागली, आणि कितीतरी माणसं पुन्हा चारचौघांत वावरू लागली. सातपुड्यातल्या झाडाचं हे उपकार-खातं आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. दुसरी खंत अशी की डिंकासाठी कुऱ्हाडीने खोल घाव घालत राहिलं की झाडच वठतं. हळुवार चीर देऊन डिंक काढण्याच्या पद्धती आहेत, पण पद्धत कागदावर असणं आणि भर उन्हात जंगलात फिरणाऱ्या माणसाच्या हातात असणं यात अंतर असतं.

बाकीचे पटापट

इसबगोल: भारत जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, पेठ गुजरातेत, ऊंझा आणि सिद्धपूरकडे. अमेरिकेत हाच भुसा १९३४ पासून ‘मेटाम्युसिल’ या नावाने विकला जातो. तो इतका पाणी धरतो की बरोबर घेतलेलं दुसरं औषधही त्याच्या जेलमध्ये अडकू शकतं, म्हणून डॉक्टर दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. गंमत बघा, इथे जे नको तेच गोळीत हवं असतं.

अळीव आणि सब्जा: बाळंतिणीच्या लाडवातले अळीव नारळाच्या पाण्यात भिजले की दाण्याभोवती जेल धरतं. बीला हे कवच कोरड्या मातीत ओल धरून ठेवायला हवं असतं. आपण ते खातो, फालुद्यात घालतो आणि आता गोळ्यांतही.

भोकर: लोणच्याच्या भोकरातला चिकटा काढता-काढता हात बरबटतात. तोही प्रयोगशाळेत जाऊन आलाय.

पेक्टिन आणि गवार गम यांना एक उलटी नोकरीही आहे. माणसाची पाचक द्रव्यं त्यांना तोडू शकत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू मात्र तोडतात. त्यामुळे औषध थेट मोठ्या आतड्यात सोडायचं असेल तर त्याला या डिंकांचं पांघरूण घालतात. एकच पदार्थ, एका गोळीत वर थांबवायला, दुसरीत खाली पोचवायला. सगळी करामत प्रमाणाची आणि बांधणीची.

समुद्रातून आलेला तराफा

१८८१ मध्ये ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शेवाळातून ‘अल्जिन’ वेगळं केलं. (शेवाळ ही काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हे, वनस्पतिशास्त्राच्या बाई नाराज होतील, पण पुढे जाऊ.) सोडियम अल्जिनेट जठरातल्या आम्लात पडलं की अल्जिनिक आम्लाचं जेल बनतं. बरोबर सोडा आणि कॅल्शियम असेल तर बुडबुड्यांनी फुगलेला तराफा जठरातल्या द्रवावर तरंगायला लागतो. छातीत जळजळ होते तेव्हा घेतात त्या ‘गॅव्हिस्कॉन’चं काम असंच चालतं: आम्ल वर उसळलं तरी आधी तराफा पुढे येतो, आम्ल मागे राहतं. तरंगत्या वनस्पती-पॉलिमरचा बाजारात खऱ्या अर्थाने टिकलेला नमुना म्हणाल तर हा. गंमत म्हणजे यात औषध हळू सोडायची भानगडच नाही, तराफाच औषध.

भारतीय उदाहरणही आहे. रॅनबॅक्सीने सिप्रोफ्लॉक्सासिनची दिवसातून एकदाच घ्यायची ‘सिफ्रान ओडी’ आणली. तिच्या पेटंटात आपले सगळे ओळखीचे भेटतात: सोडियम अल्जिनेट, झँथन, खाण्याचा सोडा आणि पाणी शोषून फुगणारं एक कृत्रिम पॉलिमर. डिंकांचं प्रमाण अगदी थोडं, बहुतेक जागा औषधाचीच. ५०० किंवा १००० मिलीग्रॅम औषध भरायचं तर डिंकाला जागा उरणार कुठून? ही अडचण कारखान्यात कळते, पाठ्यपुस्तकात नाही.

काचपात्रात तरंगते, पोटात?

आता थोडं कडू. भारतातल्या एम. फार्म.च्या मुलांनी तरंगत्या गोळ्यांवर इतके प्रबंध लिहिलेत की झाडांची यादीच संपत आलीय. शेवगा, बेल, जास्वंद, कोरफड, मेथी, काजूचा डिंक, कुणालाही सोडलेलं नाही. जवळपास प्रत्येक प्रबंधात गोळी बारा तास तरंगते. मग त्या मेडिकलच्या दुकानात का दिसत नाहीत?

पहिलं कारण, काचपात्र म्हणजे जठर नव्हे. पात्रात झाडलोटीची लाट येत नाही, दार नसतं, जेवण नसतं. माणसांवर झालेल्या चाचण्यांत गोळीत किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम घालून गॅमा कॅमेऱ्याने ती कुठे आहे ते बघतात. त्यांतून वारंवार दिसलं ते हे की रिकाम्या पोटी तरंगणारी गोळीही लाटेबरोबर निघून जाते, आणि भरल्या पोटी न तरंगणारी मोठी गोळीही बराच वेळ थांबते. म्हणजे निम्मी मर्दुमकी तरंगण्याची नसून जेवणाची! तरंगत्या गोळ्या ‘जेवणानंतर’ घ्यायला सांगतात ते यासाठी. खरं सांगायचं तर भाजी-भाकरी हीच जुनी आणि भरवशाची जठर-थांबा योजना आहे.

दुसरं कारण कूस. जठर डावीकडे झुकलेलं आणि त्याचं दार उजवीकडे. उभं किंवा बसलेलं असताना तरंगणारी गोळी वर, दारापासून दूर राहते. डाव्या कुशीवर झोपलं की दार वरच्या बाजूला येतं आणि तरंगणारी वस्तू नेमकी तिथे जाऊन पोचते, लवकर निसटते. उजव्या कुशीवर उलट, ती जास्त वेळ राहते. रात्रीच्या गोळीचं भवितव्य तुमच्या कुशीवर! यावर काय सूचना छापणार?

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण, झाड हे झाड असतं. यंदाचा डिंक आणि पुढच्या वर्षीचा डिंक सारखा चिकट नसतो. पाऊस, माती, गोळा करण्याचा हंगाम, साठवण, सगळ्याचा परिणाम. साठवणीत दाटपणा उतरतो, ओल लागली तर बुरशी धरते. कंपनीला मात्र दहा लाखावी गोळी पहिल्या गोळीसारखीच हवी. म्हणून ती एचपीएमसीकडे वळते. ते लाकडाच्या लगद्यातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजवर रासायनिक संस्कार करून बनतं, म्हणजे मूळ झाडाचंच, पण ठरावीक दाटपणाचं आणि दर गोणीत तेच. आजच्या बहुसंख्य ‘एसआर’, म्हणजे हळू सुटणाऱ्या, गोळ्यांत तेच असतं. ‘नैसर्गिक म्हणजे सुरक्षित आणि स्वस्त’ हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर हमखास असतं. कॅल-बॅनवाल्यांना विचारा सुरक्षित किती, आणि २०१२ची गवार विकत घेणाऱ्यांना विचारा स्वस्त किती.

आणि तो शौचातला सांगाडा

डॉक्टरांना हमखास येणारा फोन: ‘अहो, गोळी अख्खीच्या अख्खी बाहेर पडली! पैसे पाण्यात गेले का?’ बहुतेक वेळा नाही. हळू सुटणाऱ्या काही गोळ्यांचं कवच न विरघळता शेवटपर्यंत टिकतं, औषध वाटेत निघून गेलेलं असतं, मागे उरतो तो रिकामा सांगाडा. इंग्रजीत याला ‘घोस्ट टॅब्लेट’ म्हणतात. उलट, गोळी मोठी वाटते म्हणून ती खलबत्त्यात कुटून मधाबरोबर चाटवली, तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा ओडी असलं तर ती डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कुटायची नाही, चावायचीही नाही. मधोमध तोडायची रेघ असेल तरच तोडायची, आणि तीसुद्धा विचारूनच.